तळ्यातल्या रोहूची कुळी

थॉमसन द्राक्षाची काडी डॉगरिजच्या खुंटावर भरली की वर वाढते ती मूळ थॉमसनचीच हुबेहूब नक्कल. बाग पिंपळगावची असो की दिंडोरीची, वेलीतलं रक्त एकच. म्हणून द्राक्षवाल्याला वाणाचं नाव कळलं की निम्मं काम झालं. हाच शेतकरी शेततळ्यासाठी हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, घेतो तेव्हाही तो 'रोहू' हे नाव ऐकून निर्धास्त होतो, आणि तिथेच फसगत होते. मासा काडीपासून तयार होत नाही. तो नर-मादीपासून होतो आणि दर पिढीला पत्ते नव्याने पिसले जातात. पिशवीतली हजार पिल्लं हजार वेगवेगळी असतात. त्यांचे आईबाप कोण होते, किती होते, कसे निवडले होते, यावर आठ महिन्यांनंतरचं वजन बरंच ठरतं.

कांद्याचं उदाहरण जास्त जवळचं. रब्बीचं एन-२-४-१ हे वाण पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातलं. त्याचं बी घरी धरणारा शेतकरी चांगला गोल, एकसारखा, घट्ट मानेचा कांदा बाजूला काढून डेंगळ्यांसाठी, म्हणजे बीच्या दांड्यांसाठी, लावतो. शेजारच्या दुसऱ्या वाणावरून मधमाशी परागकण आणेल म्हणून अंतरही राखतो. माशाच्या बाबतीत ही दोन्ही पथ्यं पाळणं कितीतरी अवघड आहे. मत्स्य-आनुवंशिकीतल्या संशोधकांचं गेल्या ५० वर्षांतलं बरंचसं काम ही पथ्यं पाण्याखाली कशी पाळायची, हे शोधण्यातच गेलं आहे.

आधी प्रजनन हातात यावं लागलं. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे वाहत्या नदीतले मासे. साठलेल्या पाण्यात त्यांच्या पोटात अंडी तयार होतात, पण मादी ती सोडत नाही. त्यामुळे पूर्वी पुराच्या पाण्यातून जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, गोळा करून विकलं जायचं. त्यात कोणाचं पिल्लू कोणतं, याचा पत्ता नसायचा. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या माशांच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांकडून बंदिस्त जागेत अंडी मिळवली. आपल्याकडे १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो, तो यामुळे.

आज ग्रंथी गोळा करत बसायची गरज पडत नाही. ओव्हाप्रिमसारखं तयार इंजेक्शन मिळतं. मादीला किलोमागे साधारण ०.४ ते ०.५ मिली, नराला त्याच्या निम्मं, एकदाच. त्यात दोन घटक असतात. पहिला पीयूषिकेला 'सोड' असा हुकूम देतो. दुसरा घटक डॉम्पेरिडोन, म्हणजे उलटीच्या गोळीत असतो तोच. माशाच्या शरीरात डोपामिन नावाचं रसायन पीयूषिकेला आवरून धरतं, तो लगाम डॉम्पेरिडोन सैल करतो. पाणी २७-३० अंशांवर असेल तर साधारण ८ ते १२ तासांत अंडी पडतात, पुढच्या १४ ते १८ तासांत ती फुटतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं. हेच जिरे. त्याची २५ मिलिमीटरची अर्धबोटुकली होते, १०० मिलिमीटरची बोटुकली.

एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे २ ते ३ लाख अंडी देते.

मोठा मासा निवडला तरी पिल्लं तेवढी मोठी का होत नाहीत

तळ्यातल्या माशांचं सरासरी वजन ६०० ग्रॅम आहे असं समजा. त्यातले सगळ्यात मोठे निवडले, त्यांची सरासरी ९०० ग्रॅम. त्यांच्यापासून पुढची पिढी घेतली तर ती ९०० ग्रॅमची होईल का? नाही. हे ३०० ग्रॅम जास्तीचं वजन काही अंशी रक्तातून आलेलं असतं आणि बरंचसं नशिबातून: कोण दोन दिवस आधी जन्मला, कोणाला खाद्य पडतं ती जागा मिळाली, कोणाला आजार झाला नाही. रक्तातून आलेला जो वाटा पुढच्या पिढीत उतरतो त्याला आनुवंशिकतेचा गुणांक म्हणतात. माशांच्या वाढीसाठी तो बहुधा ०.२ ते ०.३ च्या आसपास निघतो. ०.२५ धरला तर ३०० चा चौथा हिस्सा, ७५ ग्रॅम. पुढची पिढी त्याच तळ्यात, त्याच खाद्यावर सरासरी ६७५ ग्रॅमची होईल.

एका पिढीत साडेबारा टक्के हे थोडं वाटतं. पण हा फायदा दर पिढीला आधीच्या फायद्यावर चढतो, आणि तो टिकवायला रोज खाद्याच्या गोणीसारखा खर्च करावा लागत नाही. गाई-म्हशींत वर्षाला एक वासरू मिळतं, त्यामुळे निवडीला वाव कमी. माशात एका जोडीची लाखो पिल्लं असतात, त्यातून अगदी वरचे मूठभर काढता येतात. म्हणूनच माशांची सुधारणा गुरांपेक्षा झपाट्याने होऊ शकते.

हे हिशेबाने पहिल्यांदा करून दाखवलं नॉर्वेने. तिथले ट्रिग्वे येद्रेम मूळचे मेंढ्यांच्या पैदाशीचे अभ्यासक. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४० नद्यांमधून सामन माशाचं बीज जमवलं आणि मेंढ्यांना लावतात तेच वंशावळीचं गणित माशांना लावलं. एकाच नदीतले मासे घेतले असते तर काम सोपं झालं असतं, पण निवड करायला वेगळेपण मुळातच कमी राहिलं असतं. पुढे हीच मंडळी भारताच्या कामात आली.

भुवनेश्वरजवळ कौशल्यगंगा इथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था आहे, सिफा. तिथे १९९२ मध्ये नॉर्वेच्या अ‍ॅक्वाफोर्स्क संस्थेबरोबर रोहूवर काम सुरू झालं. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांतला रोहू आणि सहावा संस्थेच्या स्वतःच्या तळ्यांतला, एवढ्यांपासून पाया घातला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, त्यातून निघालेला मासा बाहेर आला, म्हणून नाव 'जयंती रोहू'. निवडीतून दर पिढीला सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास वाढ मिळाल्याची नोंद आहे.

यातलं खरं कष्टाचं काम समजून घेण्यासारखं आहे. कांद्याला वाफ्यात पाटी लावता येते. ७ मिलिमीटरच्या जिऱ्याला खूण कुठे करणार? म्हणून प्रत्येक जोडप्याची पिल्लं सुरुवातीला वेगळ्या छोट्या तळ्यात वाढवतात. ती १०-१५ ग्रॅमची झाली की पोटाच्या पोकळीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, सुमारे १२ मिलिमीटर लांबीची काचेची नळी बसवतात. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ नेलं की ती आपला क्रमांक सांगते. मग सगळ्या घराण्यांची पिल्लं एकाच तळ्यात एकत्र सोडतात, म्हणजे पाणी, खाद्य, हवा सगळ्यांना सारखी. वर्षभराने जोखताना नुसतं त्या माशाचं वजन बघत नाहीत, त्याच्या सख्ख्या आणि सावत्र भावंडांचंही बघतात. एखादा मासा स्वतः ९०० ग्रॅमचा आहे पण भावंडं ५५० ची, तर तो नशिबाने मोठा झालेला. दुसरा ८०० चा आणि भावंडंही ७५० ची, तर पैदाशीला हा दुसरा घ्यायचा. स्थळ बघताना आपण घराणं बघतो, तसंच हे.

रोगाला तोंड देण्याच्या गुणासाठी तर भावंडांशिवाय इलाजच नसतो, कारण ज्या माशाला मुद्दाम जंतूंची लागण केली तो पुन्हा पैदाशीला वापरता येत नाही. काही भावंडांना लागण करतात आणि ज्या घराण्यातली जास्त वाचतात, त्यातल्या लागण न केलेल्या माशाला निवडतात. आता यात डीएनएच्या खुणा आल्या आहेत. पराचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून पाठवला की आईबाप ओळखता येतात, सुरुवातीची वेगवेगळी तळी वाचतात. मात्र 'वाढीचं जनुक सापडलं' असं कोणी सांगितलं तर सावध राहा. वाढीमागे शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. डीएनएतल्या एकाच जागेचा मोठा प्रभाव क्वचित दिसतो. सामन माशातल्या आयपीएन या विषाणूरोगात तसा सापडला आणि त्याच्या आधाराने केलेल्या निवडीने नॉर्वे-स्कॉटलंडमधलं नुकसान खूप घटलं, पण तो अपवाद.

आणि हे सगळं म्हणजे जनुक-बदल केलेला मासा नाही. बाहेरचं जनुक घुसवलेला सामन अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाला, ती वेगळी गोष्ट. जयंती रोहू हा निवडीने घडलेला साधा रोहूच आहे.

हॅचरीत कुळी कशी बिघडते

संशोधन केंद्राच्या तळ्यातून निघालेला गुण तुमच्या तळ्यापर्यंत पोचायला मधे हॅचरी, म्हणजे माशाचं बीज तयार करून विकणारं केंद्र, असते. बिघाड बहुतेक वेळा तिथे होतो, आणि तो लबाडीपेक्षा सोयीतून होतो.

मघाचा आकडा आठवा. दोन किलोच्या पाच माद्या म्हणजे २० ते ३० लाख अंडी. हॅचरीवाल्याला ५० माद्या सांभाळायची गरजच काय? चार-पाच नर आणि काही माद्यांवर हंगाम निघतो. याच पिल्लांतून पुढचे जनक ठेवले की तळ्यातले सगळे मासे एकमेकांचे भाऊबहीण होत जातात.

याचं गणित छोटं आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला ४ ने गुणायचं आणि नर-मादी मिळून होणाऱ्या एकूण संख्येने भागायचं. ५० माद्या आणि ५ नर: ५० × ५ × ४ = १०००, भागिले ५५, म्हणजे १८. तळ्यात ५५ मासे आहेत, पण आनुवंशिकीच्या हिशेबात ते १८ च. उलट ३० माद्या आणि ३० नर असतील तर उत्तर ६० येतं. दर पिढीला नातेसंबंध किती घट्ट होतो, ते काढायला १ ला या संख्येच्या दुपटीने भागतात. १८ ला पावणेतीन टक्के, ६० ला एक टक्क्याहून कमी. पावणेतीन टक्क्यांच्या दराने पाच पिढ्या गेल्या की सगळी पिल्लं सावत्र भावंडांच्या जोडीतून जन्मल्यासारखी होतात. नर कमी ठेवणं हीच चूक सर्वात महागात पडते, आणि तीच सर्वात जास्त होते, कारण एका नराच्या चिकापासून कितीतरी अंडी फळतात.

लक्षणं हळू दिसतात. अंडी कमी फुटतात, जिऱ्याची मर वाढते, एकाच वयाच्या पिल्लांत फार लहान-मोठं होतं, काहींचा कणा वाकडा, काहींचं कल्ल्यावरचं झाकण अपुरं. पण वाकडा कणा दिसला की लगेच कुळीला दोष देऊ नका. खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडलं तरी कणा वाकतो.

दुसरी चूक आणखी घरगुती. माल काढताना मोठे मासे बाजारात जातात, कारण भाव त्यांनाच असतो. जाळ्यात उरलेसुरले छोटे परत तळ्यात सोडले जातात आणि दोन वर्षांनी तेच जनक होतात. चांगले कांदे लासलगावला पाठवून चिंगळ्या बियाण्याला ठेवणारा शेतकरी सापडणार नाही. माशात मात्र हे सर्रास होतं, आणि निवडीचं तेच गणित उलट्या दिशेने चालायला लागतं.

तिसरी भानगड सरमिसळीची. रोहू आणि कटला दोघांच्याही पेशीत ५० गुणसूत्रं असतात, त्यांचा संकर सहज होतो आणि तो वांझ नसतो. एका हौदात दोन्ही जातींना इंजेक्शन देऊन सोडलं, किंवा कटल्याच्या माद्या तयार नाहीत म्हणून जे आहे त्यावर भागवलं, की पिशवीत मिश्र पिल्लं येतात. कटला वरच्या थरात पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात. मिश्र मासा धड ना इकडचा ना तिकडचा. बोटुकलीत ओळखायचं असेल तर तोंड बघा: कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत. रोहूचं डोकं लहान, खालच्या ओठाला झालर, बारीक मिशा. डोकं मधल्याच मापाचं आणि ओठाला अर्धवट झालर दिसली तर शंका घ्या.

यावर उपाय महागडे नाहीत. जनकांची नोंदवही, नर-माद्यांची जवळपास सारखी संख्या, आणि दोन-तीन वर्षांनी लांबच्या, नात्यात नसलेल्या हॅचरीशी नरांची अदलाबदल. नात्यात नसलेले आईबाप एकत्र आले की पुढच्या पिढीतलं अंतःप्रजन, म्हणजे नात्यातल्या जोड्यांचा दोष, एका फटक्यात शून्यावर येतं. फक्त जयंतीसारख्या सुधारित मासळीत नर बाहेरचा साधा आणला तर निम्मा गुण गेला. तिथे बदलीही सुधारित कुळीतलीच हवी. त्यामुळे बीज घेताना तीन प्रश्न विचारा: जनक मूळ कुठून आणि कोणत्या साली आणले, नर किती आणि माद्या किती, पुढचे जनक स्वतःच्या पिल्लांतून ठेवता की बाहेरून आणता. तिसऱ्या प्रश्नाला 'घरचेच आहेत, दहा वर्षं झाली' असं अभिमानाने सांगितलं जातं. ते ऐकून पिशवी खाली ठेवावी.

नाशिकच्या शेततळ्यात काय वेगळं

मासा जिथे निवडला गेला तिथली हवा त्याच्या अंगवळणी पडलेली असते. उबदार पाण्यात पहिला आलेला मासा थंड पाण्यात पहिला येईलच असं नाही. कधी क्रमच बदलतो. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत ५-६ अंशांवर येतो. पाणी हवेइतकं गार होत नाही, पण ते २० अंशांखाली गेलं की रोहू-कटल्याचं खाणं मंदावतं. त्यात ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं भरलं तरी पाणी सुमारे २० लाख लिटर, आणि तेही एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेकडे जायला लागतं. म्हणजे जुलै-ऑगस्टला सोडलेला मासा मार्च-एप्रिलला काढावा लागतो, त्यातले दोन महिने थंडीचे.

शिवाय तळाला प्लास्टिकचा कागद. मातीच्या तळ्यात गाळात जे खाणं तयार होतं ते इथे फारसं नसतं, म्हणून तळाशी चरणाऱ्या मृगळाला रोहूइतका वाव राहत नाही. कटला ३, रोहू ४, मृगळ ३ हे पुस्तकी प्रमाण मातीच्या तळ्याचं आहे. कागदाच्या तळ्यात मृगळ कमी करून रोहू वाढवणं बरं. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकलीच्या हिशेबाने एवढ्या तळ्यात ४५० ते ९०० पुरेत. बागेवर मारलेलं कीटकनाशक किंवा मोरचूद पावसाबरोबर तळ्यात उतरलं तर कुठलीही कुळी वाचवू शकत नाही, हे वेगळं सांगायला नको.

इतक्या छोट्या हंगामात खुंटवलेलं बीज फार उपयोगी पडतं. दाटीने आणि कमी खाद्यावर वर्षभर ठेवलेला, शंभर-दीडशे ग्रॅमचाच राहिलेला मासा मोकळ्या तळ्यात आला की राहिलेली वाढ भरून काढतो. तो वयाने मोठा आणि अंगाने लहान, पण कुळीने कमी नाही. मात्र याच्या वेगाने दिपून 'हे बीज भारी' असा निष्कर्ष काढू नका. तो वेग उपासमारीनंतरचा आहे, पुढच्या पिढीत उतरणारा नाही.

दोन ठिकाणच्या बीजांची तुलना करायची तर शेजारच्याच्या तळ्याशी करून काही कळत नाही. दोन्ही एकाच तळ्यात सोडा. दोन्हीकडून एकाच मापाची १००-१०० बोटुकली निवडा, कारण सुरुवातीला मोठा असलेला पुढेच राहतो. पोटाखाली परांची जोडी असते. एका गटाचा डावा पर आणि दुसऱ्याचा उजवा, बारीक कात्रीने अगदी मुळापासून कापा. वरवर कापला तर पुन्हा उगवतो, आणि एकाच गटाचा कापला तर इजेचा तोटा त्यालाच होतो. २० लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ घालून त्यात मिनिट-दीड मिनिट बुडवा, मासा तिरपा व्हायला लागला की लगेच काढा. पिशवी पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवून, तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेत सकाळी सोडा. माल काढताना सगळे खुणेचे मासे एकेक जोखा. प्रत्येक गटाचे ६० हाती लागले तर सरासरीतला १० टक्क्यांच्या आतला फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. २० टक्के निघाला तर मात्र पुढच्या वर्षी कोणाकडून घ्यायचं, हे ठरलं.

तळ्याबाहेर गेलेला मासा

जोमदार मासा ही बाहेरच्या पाण्याला मात्र डोकेदुखी ठरू शकते. चिलापीचं (तिलापिया माशाचं) उदाहरण घ्या. १९८८ पासून फिलिपिन्समध्ये आफ्रिकेतले चार आणि आशियातले चार साठे एकत्र करून 'गिफ्ट' ही सुधारित चिलापी घडवली गेली, तीही नॉर्वेच्याच पद्धतीने. मासा उत्तम, पण तळ्यातच विणतो आणि गर्दी करतो. म्हणून बाजारात बहुधा फक्त नर पिल्लं विकतात आणि आपल्याकडे ती पाळायला परवानगी लागते. आफ्रिकन मांगूर तर बंदच आहे. स्वस्त मिळतो म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये.

नाशिकमध्ये ओढा भरला की शेततळ्याचं पाणी शेवटी गोदावरी, कादवा नाहीतर दारणेलाच मिळतं आणि पुढे नांदूरमधमेश्वरला साठतं. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नोंदलं गेलेलं हे पाणथळ. देवळालीजवळच्या दारणेतून १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी एका छोट्या माशाची शास्त्रीय नोंद केली, पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी. आज तो अत्यंत धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. अशा माशाचं कुठल्याही हॅचरीत बीज नाही. त्यामुळे सांडव्याच्या पाइपला पावसाआधी बोटुकलीच्या जाडीपेक्षा बारीक जाळी बांधायची, आणि ती पालापाचोळ्याने तुंबून पाणी बांधावरून जाऊ नये म्हणून दर मोठ्या पावसानंतर झाडून घ्यायची.